छत्र्यांचा कारखाना

माझा पाय एका जागी ठरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. चित्र अडलं की मी टेबलावरून उठते, पाणी पिते, परत बसते, परत उठते आणि शेवटी स्कूटरची किल्ली घेऊन निघते. आमच्या या हिंदी मुलखातल्या रांझीहून फॅक्टरीच्या लांबलचक भिंतीच्या कडेकडेने जायचं आणि कुठे पोचायचं ते वाटेत ठरवायचं. आई म्हणते, ही पोट्टी कागदावर कमी आणि रस्त्यावर जास्त असते. मी पन्नाशीला टेकले आहे, पण आईच्या तोंडी अजून पोट्टीच.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तर मी इतकी भटकले की स्कूटर दुरुस्त करणाऱ्या भैयानेही विचारलं, दीदी, डिलिव्हरी का काम पकड लिया क्या. कारण होतं पुस्तकातलं एक पान. लहान मुलांच्या पुस्तकातलं, आणि त्यावर मजकूर असायचा तो जेमतेम दोन ओळींचा.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आजवर बहुतेक वेळा गोष्ट दुसऱ्या कुणाची आणि चित्रं माझी, असा कारभार होता. या खेपेला पुण्याच्या प्रकाशनातल्या संपादिकाबाई म्हणाल्या, आता तुम्हीच लिहा आणि तुम्हीच काढा. विषय मी क्षणात सांगितला. आमच्या मोहल्ल्यातली मुलं एकेका पानावर येतील आणि आपल्या घरचं माणूस काय काम करतं ते सांगतील. पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, रेल्वेतल्या गार्डची मुलगी, सरकारी दवाखान्यातल्या नर्सची जुळी. ही पानं भराभर झाली. शेवटच्या पानावर मी स्वतः होते, दोन वेण्या घातलेली, आणि शेजारी लिहिलं होतं: "माझे बाबा फॅक्टरीत काम करतात. माझे बाबा बनवतात..." त्यापुढे जागा मोकळी, कारण माझे बाबा काय बनवत होते ते मला माहीत नव्हतं.

फॅक्टरी संरक्षण खात्याची. तिथे दारूगोळा बनतो एवढं अख्ख्या रांझीला ठाऊक आहे. अधूनमधून लांबून चाचणीचे आवाज येतात आणि आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात; नव्या भाडेकरूखेरीज कुणी मान वर करून बघत नाही. पण आपला माणूस आत जाऊन दिवसभर नेमकं काय करतो, हे घरात विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही. कामावर लागताना त्या सगळ्यांनी तशी शपथ घेतलेली असते. बाबा विदर्भातलं गाव सोडून इथे आले ते ऐन तरुणपणी, आणि निवृत्त झाले तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. या सगळ्या काळात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

याचा परिणाम फार मजेशीर होत असे. आम्ही प्राथमिक शाळेत असताना एक नव्या बाई बाहेरगावाहून बदलून आल्या आणि त्यांनी वडिलांच्या कामावर हिंदीत निबंध लिहायला दिला. अख्ख्या वर्गानं कॅन्टीनवर निबंध लिहिला. घरी बाबा लोक बोलायचे ते फक्त कॅन्टीनबद्दल, त्यामुळे आमच्या लेखी फॅक्टरी म्हणजे समोसा, चहा, डाळ पातळ झाल्याची तक्रार आणि सुट्टीच्या भोंग्यानंतर सायकली काढण्याची घाई. मी तर समोशाचं चित्रही काढलं होतं. बाईंना वाटलं, या गावचे सगळे पुरुष आचारी आहेत.

चित्रं मी आठवतं तेव्हापासून काढते. पहिलं जाहीर काम म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीतल्या झाँकीचे, म्हणजे चित्ररथाचे, पडदे. त्यात माझे रंग वाळले नाहीत आणि पुढे बसलेल्या साऱ्यांच्या पाठी निळ्या झाल्या. नंतर बालवाड्यांच्या भिंती रंगवल्या. शहरात राइट टाउनमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवली, पण तिथे दोन डोंगरांच्या मधून सूर्य उगवलाच पाहिजे असा दंडक होता आणि माझं डोकं फिरायचं. ती नोकरी सोडली तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मग प्रौढ बायकांच्या साक्षरता वर्गासाठी एक वाचनपुस्तिका चितारली, ती कुठून कशी पुण्याला पोचली, आणि तिथून हे सुरू झालं. पुण्याला येऊन राहा, असं संपादिकाबाई दरवर्षी म्हणतात. मी दरवर्षी बॅग भरण्याच्या बेतात येते आणि दरवर्षी काहीतरी निमित्त काढून थांबते.

खरं निमित्त आहे ती दोरी. दर रविवारी सकाळी आमच्या बुद्धविहारात वंदना असते. आत वंदना चालू असते तेव्हा मी बाहेर अंगणात कडुनिंबापासून फाटकापर्यंत दोरी बांधते आणि कपड्यांच्या चिमट्यांनी माझी कच्ची चित्रं लटकवते. वंदना संपवून मंडळी बाहेर आली की चित्रांपुढून फिरतात. नियम एकच, "छान आहे" म्हणायचं नाही, काय खटकतं ते सांगायचं. माझ्या पुस्तकांतली माणसं बहुतेक याच अंगणातली असतात, त्यामुळे खटकतं पुष्कळ. गिरणीवाले भैया म्हणाले होते की लांडग्याला त्यांचं नाक लावलंय. लावलं होतंच. एका काकूंना आपली साडी जांभळी हवी होती, आणि एका चिमुरडीनं मांजरीला शेपटीखाली काहीच नाही हे साऱ्यांदेखत दाखवून दिलं. पुण्यात, साताऱ्यात, कुठे कुठे मुलं झोपताना या लोकांची तोंडं बघतात आणि या लोकांना त्याचा केवढा तोरा आहे.

बाबा मात्र कुठल्याच पुस्तकात आले नव्हते. मी त्यांना राखून ठेवलं होतं, स्वतःच्या पुस्तकासाठी. म्हणून ते पान माझ्या जिवाला लागलं.

मी त्यांना सरळ विचारलं. ते अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. तुम्ही काय बनवायचे, फार खोलात नको, लहान मुलाला कळेल इतकंच सांगा, असं म्हटलं. ते म्हणाले, "काम." मी म्हटलं, काम तर सगळेच करतात. तर म्हणाले, "ड्यूटी," आणि पेपरचं पान उलटलं. पुढचे काही दिवस मी त्यांच्याभोवती पिंगा घातला. चहा देताना विचारलं, डोळ्यांत थेंब घालताना विचारलं. लोखंडाचं की लाकडाचं, मोठं की लहान, एवढं तरी. आईनं शेवटी दटावलं, "काहून त्यांच्या मागे लागून राहिली? जे बायकोला नाही सांगितलं ते तुला सांगतील काय?"

मग मी कांचघर मोहल्ल्यात गेले. बाबांसोबत एकाच सेक्शनला राहिलेले एक काका तिथे राहतात. लहानपणी मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून जत्रेला गेले आहे. त्यांनी मला बघून गरम जलेबी मागवली, माझ्या पुस्तकांची चौकशी केली, आणि मी मुद्द्यावर आल्यावर मोठ्या प्रेमानं कॅन्टीनच्या गोष्टी सुरू केल्या. समोसा आधी केवढा होता आणि मग केवढा झाला. मी त्यांना अडवलं. म्हटलं, काका, तुमचे हात काय करत होते? त्यांनी हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले. म्हणाले, "बेटा, तेरे पापा से पूछ. त्यांनी सांगितलं तर मग मी पण सांगतो." निघताना त्यांनी उरलेली जलेबी बांधून दिली. मला ती रस्त्यात फेकून द्यावीशी वाटली, इतकी मी चिडले होते.

एकदा तर संध्याकाळी मी फॅक्टरीच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आतलं नाही तर बाहेर पडणारे चेहरे तरी टिपावेत. वही उघडून दोन रेघा मारल्या असतील नसतील, तोच पहारेकरी आला. मॅडम, यहाँ ड्रॉइंग अलाउड नहीं है. त्याचं बरोबर होतं. मी वही मिटली, पुढच्या टपरीवर चहा घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा मागवताना माझ्या लक्षात आलं की मला चहा नकोच आहे. मला हवं होतं ते वेगळं. बाबांनी त्या काकांवर विश्वास टाकला होता, अख्ख्या सेक्शनवर टाकला होता, आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्या हिशेबात फाटकाबाहेरचीच राहिले होते. हा काटा फार जुना होता. पुस्तकामुळे तो हलला एवढंच.

आणि मग, चिडचिडीत, मी छत्र्या काढल्या.

मनाशी मी त्याचं समर्थन छान केलं होतं. मुलांच्या पुस्तकात तोफगोळे तर येणार नव्हते. संपादिकाबाईंनी तसं गोड शब्दांत कळवलंच होतं. खरं काय ते बाबा सांगणार नव्हते. मग काहीतरी सुंदर का काढू नये? मी एक भलामोठा कारखाना काढला. वरून लाल, पिवळ्या, हिरव्या छत्र्या लटकताहेत, खाली माणसं काड्या बसवताहेत, आणि मधोमध बाबा, त्यांच्या मफलरसकट आणि मिशांसकट, एक निळी छत्री उघडून बघताहेत. "माझे बाबा छत्र्या बनवतात." रंग असे जमून आले होते की मी स्वतःवरच खूश झाले. संपादिकाबाईंचा फोन आला, हे पुस्तकातलं सगळ्यात आनंदी पान आहे. तुमच्याकडे छत्र्यांचा कारखाना आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात आहे.

रविवारी ते चित्र मी दोरीच्या अगदी मधोमध लावलं. वंदना संपली, मंडळी बाहेर आली. बायका बाबांना ओळखून हसल्या, पोरांनी छत्र्या मोजायला घेतल्या. फॅक्टरीतून निवृत्त झालेली मंडळी आली ती चपला घालत, गप्पा मारत, आणि चित्रापुढे येऊन थांबली. एरवी या लोकांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. कांचघरचे काका आले होते, ते चित्राकडे आणि मग माझ्याकडे बघून नुसते खाकरले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाबा सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. त्यांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मी शेजारी उभी होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते फाटकाबाहेर निघाले. मी स्कूटर घेऊन मागे गेले, बसा म्हटलं, तर हातानं नको म्हणाले आणि पायी घरी गेले.

त्या दिवशी त्यांनी ताट घेतलं आणि अंगणात जाऊन एकटेच जेवले. दुसऱ्या दिवशीही तसंच. आमच्या घरात भांडणं होतात, पण जेवण एकत्र होतं. त्यामुळे हे साधं नव्हतं. आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "काय करून ठेवलं तू हे? साऱ्या लोकांसमोर माणसाचं आयुष्य बदलून टाकलं." मला ते पटलं नाही. माझ्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. खरं सांगायचं नाही आणि खोटं काढलं तर फुगून बसायचं, हा कुठला न्याय? मी अंगणात गेले आणि हे असंच्या असं त्यांना बोलले. जरा मोठ्यानेच बोलले.

ते ताटात बघत होते. म्हणाले, "ते छत्र्यावाले कोण आहेत? मी ओळखत नाही त्यांना." एवढंच. मग हात धुवायला उठले.

मला मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. संपादिकाबाई रोज निरोप पाठवत होत्या. पुस्तक छपाईला जायचं होतं आणि बाकी सगळी पानं तयार होती. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. ते पान काढून टाकायचं, म्हणजे माझ्या पहिल्यावहिल्या पुस्तकात अख्खा मोहल्ला येणार आणि माझाच बाप येणार नाही. किंवा पान तसंच ठेवायचं, आणि मग पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं कुठल्या तोंडानं? मी राइट टाउनला जाऊन कागद आणले, नको असलेले. परत आले, परत गेले. घरात आले की बाबा अंगणात जायचे, मी अंगणात गेले की ते घरात. एवढ्याशा घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो आणि मधे आई होती, ती दोघांवरही करवादत होती.

मटाराचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघरी पोत्यानं मटार येतो आणि सगळं घर सोलायला बसतं. आईनं चटई टाकली, उन्हात मटाराचा ढीग ओतला, मला आणि बाबांना समोरासमोर बसवलं आणि स्वतः शेजारी निघून गेली. मुद्दामच गेली असणार. आम्ही सोलत राहिलो. माझ्या शेंगा पटापट होत होत्या, दाणे इकडे तिकडे उडत होते. त्यांच्या एकेक, नीट.

बाबा बोलले तेही एकदम. "तुला सांगितलं असतं तर तू काढलं असतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काय काढलं असतं? शपथ मोडेल म्हणून म्हणता का?

"शपथ तर आहेच. ती मोडणार नाही मी. पण ती बाहेरच्यांसाठी. घरात तेवढ्यासाठीच गप्प नव्हतो." त्यांनी शेंग हातात तशीच धरली. "तू जे ऐकायची ते काढायची. शेजारी घूस मेली, कोणी बोललं, तू दारामागे खडूनं घूस काढली. तुझ्या आत्याचं बाळ गेलं, आम्ही हळू बोलत होतो, तरी तू ऐकलं आणि ते पण काढलं. मी एखाद्या दिवशी म्हटलं असतं की आज हे बनवलं, तर तू विचारलं असतं ते कुठं जाते. तिथं जाऊन काय होते. आणि मग ते काढलं असतं."

आत्याच्या बाळाचं चित्र मला आठवत नव्हतं.

मग ते कामाबद्दल बोलले, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं बोलले. काय बनवलं ते नाही, कसं बनवलं ते. त्यांच्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही. त्या पगारावर हे घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं, गावाकडच्या भावंडांची लग्नं झाली. त्याची त्यांना लाज नव्हती, आणि छत्र्या म्हटल्या की ते सगळं पुसून जात होतं. मी म्हटलं, मग निदान एवढं तरी पूर्वीच सांगायचं ना, मला वाटत राहिलं की तुमचा माझ्यावर भरवसा नाही.

त्यांनी मान हलवली. "रविवारी तू माझ्या बाजूला बसून पंचशील म्हणायची. एवढीशी होती, पण आवाज असा की साऱ्या विहारात ऐकू जायचा. सोमवारी मी काय करायला जातो ते तुला माहीत असतं, तर कशी म्हटली असती?"

पंचशील आमच्याकडे मूल बोलायला लागलं की शिकवतात. पाच शीलं आहेत. पहिलं असं की मी कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही.

मला रडू आलं. बाबांसमोर मी मोठेपणी कधी रडले नव्हते, त्या दिवशी मटाराच्या ढिगावर वाकून रडले. त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. माझ्यापुढच्या शेंगा ओढून घेऊन सोलत राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की मला बाहेर ठेवलंय. आणि त्यांनी, बिचाऱ्यांनी, ते सगळं स्वतःशीच ठेवलं होतं, माझा हात त्याला लागू नये म्हणून. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली होती की काय करावं सुचेना. मी उठले, किल्ली घेतली, फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

छत्र्यांचं चित्र मी त्याच दिवशी फाडलं. नवीन काढायला बसले ती पहिल्यांदाच न उठता बसले. संध्याकाळ, आमचं जुनं क्वार्टर, बाबा नुकतेच कामावरून आलेत, बाजेवर टेकलेत, पायात अजून बूट आहेत. खाली फरशीवर दोन वेण्यांची मुलगी पोटावर पडून चित्र काढतेय आणि ते तिच्या कागदाकडे बघताहेत. शेजारी लिहिलं: "माझे बाबा फॅक्टरीत काम करतात. काय बनवतात ते सांगत नाहीत. मी रोज विचारते."

या वेळी दोरीवर लावण्याआधी त्यांना दाखवलं. त्यांनी बूट बघितले, बाज बघितली, शब्द दोनदा वाचले. मग म्हणाले, पोरीच्या कागदावर काय आहे ते दिसत नाही, ते दिसू दे. मी विचारलं, काय काढू? "कोंबडी काढ. कोंबड्या फार काढायची तू. घरी आलो की तेवढंच बघायचो."

संपादिकाबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मुलं विचारतील की काय बनवतात. मी म्हटलं, विचारू दे. त्यांना छत्र्यांचं पान जास्त आवडलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही, पण पाठवा म्हणाल्या.

रविवारी पान आणि दोरी पिशवीत घालून विहारात गेले. दर वेळी वंदनेच्या वेळी मी बाहेर दोरीशी झटत असते, वर्षानुवर्षं मी आत बसलेलीच नव्हते. त्या दिवशी पिशवी दाराशी ठेवली आणि आत जाऊन बाबांच्या शेजारी बसले, पुरुषांच्या रांगेच्या कडेला. दोन काकूंनी वळून पाहिलं. बाबांनी थोडं सरकून जागा केली.

आधी त्रिसरण झालं. बाबांचा आवाज अजून खणखणीत आहे, आणि मागून कांचघरच्या काकांचा, त्यांच्यामागून बाकी निवृत्त मंडळींचा, सगळ्यांचे जाडे आवाज एकात एक. मग पहिलं शील सुरू झालं आणि बाबा थांबले. मला वाटलं, ठसका लागला. मी बघितलं तर हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि ओठही मिटलेले होते. मागे काकांचा आवाज नव्हता. त्यांच्यापलीकडचे काठीवाले अण्णा, भिंतीला टेकून बसणारे दोघं, कुणाचाच आवाज नव्हता. ते शील बायकांनी आणि पोरांनी नेहमीच्या सवयीनं म्हणून पूर्ण केलं.

दुसऱ्या शीलापासून ते सगळे पुन्हा म्हणू लागले, आणि त्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.